चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

३ नोव्हेंबर

घरात ओरडायचं नाही, असा हुकूम निघालाय. ब्राह्मी आतल्या खोलीत झोपलेली असते आणि डायलिसिस करून आलं की तिला मोठा आवाज सहन होत नाही. गुणमाला म्हणाली, "आवं, काय बोलायचं ते कुठंतरी लिहून काढा, पण भिंती हलवू नका." म्हणून ही वही काढलीय. माझ्याच घरात मला बोलायला जागा नाही, हे पहिलं.

दुसरं म्हणजे ती डॉक्टर. मिरजेच्या दवाखान्यातली, शिवांजली नाव, वय आमच्या ब्राह्मीएवढं. मला म्हणते, "काका, तुमची किडनी चालेल, पण तुमची साखर चालणार नाही."

ब्राह्मीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. एकतीस वर्षांची पोरगी. गुणमालाची घ्यावी तर तिला रक्तदाब. जावई भरतेश खंडाळ्याला कंपनीत नोकरीला, सुट्टी मिळाली की सांगलीला पळत येतो, पण त्याचा रक्तगट जुळत नाही. राहिलो मी. माझं सगळं जुळलं. मी मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो. आणि ही बाई सांगते, तीन महिन्यांची सरासरी सहा पॉइंट चार आली, मधुमेह अजून घरात शिरला नाही पण दारात उभा आहे. अशा माणसाची एक किडनी काढून घेतली आणि पुढं त्याला मधुमेह झाला, तर उरलेली पण जायची. "गोड बंद करा, पोट कमी करा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत बघू. उतरली तर पुढं जाऊ."

मला सांगते. ज्यानं जन्मात कधी सूर्य मावळल्यावर घास तोंडात घातला नाही, त्याला. दारू नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूण नाही. बाजारात माझ्या वयाचे सगळे रात्री धाब्यावर बसतात, त्यांची साखर बघायला कुणी जात नाही. मी मात्र स्वतःच्या लेकीला काही देतो म्हटलं तर नापास.

५ नोव्हेंबर

गुणमालानं स्वयंपाकघराचा ताबा पहिल्यापासूनच घेतलेला, आता माझ्या तोंडाचा पण घेतला. सकाळी मोड आलेले मूग. दुपारी ज्वारीची भाकरी, ती पण दीड, पालेभाजी, ताक. भात दिसलाच तर मुठीएवढा. चहा बिनसाखरेचा. बिस्किटांचा डबा शेजारच्या घरी गेला. जेवायला बसलं की आधी काकडी, मग भाजी, मग भाकरी, असा क्रम पण तिनं लावून दिलाय. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं म्हटलं तर म्हणाली, "डॉक्टरीण तुमच्यापेक्षा जास्त शिकलीय."

चालायला कृष्णेच्या घाटावर जातो. तिथं प्रत्येक माणूस वैद्य. एक म्हणतो मेथ्या भिजत घाला, दुसरा म्हणतो कारलं, तिसरा जांभळाच्या बियांची पूड खिशात घेऊनच हिंडतो. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एक, "साखर बंद करा, गूळ खा. गूळ चालतोय." हे मात्र बरोबर बोलतात. गुळाचा व्यापारी म्हणून मी पण गिऱ्हाइकाला हेच सांगत आलोय. पण मी तर गूळ पण बंद केलाय. घरात खडा येत नाही.

११ नोव्हेंबर

साखर बघायचं मशीन भिकार निघालं.

आज आवक चांगली होती. शिराळ्याचा माल, कराडकडचा माल. आमचा हमाल गुंडा पुढं जाऊन गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, फोडतो, मी मागून सुरीनं खपली काढून जिभेवर ठेवतो. हा खारवट आहे, नदीकाठच्या पाणी साचणाऱ्या जमिनीतला. ह्यात साखर ओतलीय. हा चांगला, ऊस तोडल्या तोडल्या गाळलेला. डोळे मिटले की सगळं कळतं. मी मान हलवली की बोली सुरू होते, त्याआधी कुणी तोंड उघडत नाही. वडील गेल्यापासून ह्या बाजारात ती मान माझी आहे.

आणि चव बघितली की गिळायची, ही रीत. थुंकायचं ते फक्त भेसळीला. मी गूळ थुंकला म्हणजे त्या ढिगाला दिवसभर गिऱ्हाईक मिळत नाही. मागं एकदाच थुंकलो होतो, तो शेतकरी परत सांगलीच्या बाजारात दिसला नाही.

दुपारी घरी आलो तर गुणमालानं बोट टोचलं. टोचायचं काम तिचं, मला रक्त बघवत नाही, त्यात लाजायचं काय. आकडा बघून ती माझ्याकडं बघत बसली. "काय खाल्लं?" म्हणाली. सकाळचे तुझे मूग सोडले तर तोंडात काही नाही, म्हटलं. देवाची शपथ घेऊन सांगितलं. तरी तिची नजर काही हलेना. चाळीस वर्षं सौद्यात माझ्या शब्दावर लाखोंचा माल हलतो आणि घरात बायको एका डबीवर विश्वास ठेवते.

२० नोव्हेंबर

कुपवाडला लग्न होतं. पंगतीत जिलेबी आली, मी ताटावर हात आडवा धरला. वाढपी उभाच. शेजारचे म्हणाले, "अण्णा, एकानं काय होतंय?" एकानं काही होत नसेल तर एवढा आग्रह कशाला करता? हात काढला नाही. मसालेभात पण नको म्हटलं. वांग्याची भाजी आणि पोळी खाऊन उठलो. अख्ख्या मांडवात माझ्याइतका शहाणा माणूस नव्हता आणि सगळे माझ्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघत होते.

ब्राह्मीचं कुणाला सांगितलेलं नाही. बाजारात तर अजिबात नाही. माझी साखर पण नाही. गुळाच्या व्यापाऱ्याला साखर निघाली म्हटल्यावर चार जण हसणार, ते कशाला?

घरी येऊन गुणमालाशी भांडलो. सकाळी उपाशीपोटी आकडा बरा, दुपारी चढलेला, म्हणजे हिच्या मुगातच काहीतरी आहे. तिनं मुगाची वाटी माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "मग तुमीच रांधा." ब्राह्मी आतून उठून आली. दाराला धरून उभी राहिली. 

२ डिसेंबर

आज ब्राह्मीबरोबर मी गेलो होतो. आत नातेवाइकाला बसायला खुर्ची असते. मी बाहेरच थांबलो. आतला तो वास, त्या नळ्या. बाहेर पण कुणीतरी थांबायला लागतंच की.

बाकावर एक माणूस भेटला. भावाला किडनी दिलीय म्हणाला. आणि विचारलं नाही, सवरलं नाही, शर्ट वर करून पोटाची शिवण दाखवायला लागला. मी तोंड फिरवलं. भर दवाखान्यात असं कपडे वर करतात का? लोकांना काही रीतभातच राहिलेली नाही. मी उठून खाली जाऊन उभा राहिलो.

परत येताना ब्राह्मी रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं वजन लागत नाही. माझं डोकं फार फिरलं होतं, पण कुणावर काढावं ते कळेना.

१५ डिसेंबर

सौदे बंद पाडले. दर पडला म्हणून शेतकऱ्यांनी एकही ढीग फोडू दिला नाही. पेठेत सगळे नुसते उभे. मी पण दुकानात नुसता बसून. कृष्णात म्हणून कराडकडचा एक आहे, पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला, आता गुऱ्हाळ चालवतो. तो पुढारी. मला म्हणतो, "अण्णा, तुमच्यावर राग न्हाई. पर दर सुधारल्याशिवाय रव्याला हात लावू देणार न्हाई आमी." माल त्याचा, दर दिल्लीत ठरणार, आणि बसायचं मी. ह्याला काय अर्थ आहे?

२० डिसेंबर

सौदे अजून बंदच. पण घरात दिवाळी. दुपारचा आकडा झकास आला, सलग तीन दिवस. गुणमालानं दोनदा टोचून बघितलं. ब्राह्मीला दाखवायला आत गेली, ब्राह्मी हसली. कितीतरी दिवसांनी.

कारण माझ्या लक्षात आलंय. बाजार बंद असल्यामुळं दुपारी पण घाटावर चालायला जातो, आणि बायकोशी भांडण नाही. डोक्याला ताप नसला की साखर उतरते, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. कृष्णातचे आभार मानले पाहिजेत, पण मानणार नाही.

२७ डिसेंबर

सौदे सुरू झाले आणि इतक्या दिवसांचा तुंबलेला माल एकदम आला. मुंगीला जागा नाही. संध्याकाळपर्यंत ह्या ढिगावरून त्या ढिगावर. कृष्णातचा गूळ ह्या हंगामातला सगळ्यात चांगला, दोनदा चव घेतली. जेवायला पण घरी गेलो नाही, गुणमालाला अभिमान वाटावा इतकं कडक उपाशी राहिलो.

घरी आलो, आकडा परत वर. उपाशी माणसाची साखर चढते कशी, हे मला एकानं समजावून सांगावं. मशीन परत केलं. दुकानदाराशी भांडून नवीन आणलं. नव्याचा आकडा जुन्यापेक्षा पण जास्त. सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी.

४ फेब्रुवारी

सहा पॉइंट चार. जिथं होती तिथंच.

डॉ. शिवांजलीनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, वजन चार किलो उतरलंय. पोट कमी झालंय. मग ही का हलत नाही? खरं सांगा, गोड काय खाता?" मी म्हटलं, काही नाही. "व्यापार कशाचा म्हणालात?" हळद आणि गूळ, म्हटलं. "गूळ खाता?" घरात गुळाचा खडा पण येत नाही, म्हटलं, विचारा हिला. गुणमालानं मान हलवली. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि आणखी तीन महिने दिले. तोपर्यंत ब्राह्मीचं नाव दुसऱ्या यादीत पण घालून ठेवू म्हणाली, ज्यांच्या घरात देणारं कुणी नाही त्यांच्या यादीत.

देणारं कुणी नाही. मी समोर बसलेलो. माझ्या तोंडावर.

 ब्राह्मीच्या हाताला नळी लावून लावून गाठ आलीय, ती पदराखाली झाकत होती.

९ फेब्रुवारी

लिहायला हात चालत नाही.

आज ब्राह्मीला बरं वाटत होतं, म्हणून माझा डबा घेऊन रिक्षानं बाजारात आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. खांबाला टेकून उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी सौद्यात. गुंडा रवे फोडतोय, मी चव बघतोय, मागं सगळे खरेदीदार. एका ढिगापाशी मान वर केली तर ती दिसली. मी हसलो तिच्याकडं बघून. तोंडात गूळ होता.

ती हसली नाही.

परत जाताना मी पण तिच्याबरोबर रिक्षात बसलो. विश्रामबाग आलं. मग म्हणाली, "अण्णा, एक सांगू? तुम्हाला द्यायची नसेल तर सरळ सांगा. मी रागावणार नाही. ह्यांना पण मी समजावून सांगीन. पण असं करू नका."

"कसं?"

"असं. गूळ खाऊन."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा रिक्षावाला मागं वळून बघेल इतक्या जोरात बोललो. म्हटलं, तो माझा धंदा आहे. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. तुझे आजोबा अष्टमी-चतुर्दशीचा उपवास धरून चव बघत होते, त्यांचा उपवास कधी मोडला नाही.

ती म्हणाली, "पण गिळता ना, अण्णा?"

मग रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "भीती वाटली तर त्यात पाप नाही. मला पण वाटली असती."

१० फेब्रुवारी

बाजारात गेलो नाही. गुणमालानं दोनदा विचारलं, बरं नाही म्हणून सांगितलं.

पोटच्या पोरीनं असं म्हणावं. बाप किडनी द्यायला नको म्हणून तीन महिने लपून गूळ खातोय. लपून कसला, अख्ख्या बाजारासमोर. मी पहाटे उठून घाटावर चाललो ते काय होतं? जिलेबीवर हात आडवा धरला ते काय होतं? तिखटमीठ लावलेली काकडी खाऊन खाऊन जीभ लाकडासारखी झाली ते कुणासाठी? हे सगळं तिला दिसलं नाही, आणि खांबाआडून एवढंच दिसलं.

सकाळपासून हे चाललंय डोक्यात. रागानं पाणी पण गोड लागत नाही.

पण इथं लिहायला हरकत नाही, इथं कुणी नाही. गूळ गोड असतो हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? डॉक्टरनं विचारलं गूळ खाता का, तेव्हा मी म्हटलं घरात खडा येत नाही. उत्तर खरं होतं. पण इतकं मोजून-मापून खरं उत्तर मी कशाला दिलं? बाजाराचं नाव का नाही काढलं? सौदे बंद होते तेव्हा आकडा उतरला, हे लहान पोराला पण कळलं असतं. मी बायकोच्या भांडणाचं कारण शोधून काढलं.

मला माहीत नव्हतं. नव्हतंच. पण कळून घ्यायची घाई पण नव्हती, असं आता वाटतंय. त्या बाकावरच्या माणसानं शर्ट वर केला तेव्हा मी जिना उतरून खाली का गेलो?

ह्याचं उत्तर लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी

आज बाजारात गेलो. खिशात दोन मोठे रुमाल घेऊन.

पहिलाच ढीग कृष्णातचा. गुंडानं रवा फोडला. मी खपली जिभेवर ठेवली, डोळे मिटले, चव घेतली. उत्तम माल. आणि रुमालात थुंकलो.

  मागं उभे असलेले खरेदीदार दोन पावलं सरकले. कृष्णातच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पुढं येऊन माझ्या छातीला छाती भिडवून उभा राहिला.

"अण्णा, माझा गूळ थुकला तुमी? मी साखर घातलीय? चार म्हयने रात्रंदिस कढईपाशी बसलोय मी. सांगा की सगळ्यांस्नी, काय घातलंय मी."

मी म्हटलं, काही घातलं नाहीस. माल एक नंबर आहे.

"मग थुकला का?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी त्याच्यावर ओरडलो, मागच्यांवर ओरडलो, ज्यानं ही रीत पाडली त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, माझ्या लेकीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मला तिला एक द्यायचीय. माझ्या रक्तात साखर चढलीय, ती उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाही. आणि मी दिवसभर तुमचा गूळ गिळत हिंडतोय. आजपासून मी गिळणार नाही. सगळ्यांचा थुंकणार. ज्याला अपमान वाटतो त्यानं माल दुसरीकडं न्यावा. आणि ह्या ढिगाची पहिली बोली माझी, कालच्या सगळ्यात चढ्या दराच्या वर.

  इतके महिने झाकून ठेवलेलं सगळं मी हमालांसमोर, पोरासोरांसमोर ओतून बसलो होतो.

कृष्णात एक पाऊल मागं सरला. मग वाकला, सुरी घेतली, आपल्याच रव्याची मोठी खपली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मग थुका की, अण्णा," म्हणाला. "बेलाशक थुका. माझ्यापासनं सुरू करा."

२ मार्च

गुंडाचा उच्छाद फार झालाय. रुमाल पुरत नाहीत म्हणून त्यानं एक पत्र्याचा डबा आणलाय आणि प्रत्येक ढिगापाशी तो माझ्यापुढं धरून ओरडतो, "अण्णा थुकणार हाईत, माल चांगला हाय." नवीन शेतकरी घाबरतात, त्यांना जुने समजावून सांगतात. मी ह्याला दोनदा शिव्या घातल्या, हा हसतो. वर चूळ भरायला पाणी पण देतो.

आणि आता सगळ्या बाजाराला माहीत. रोज कुणीतरी विचारतं, पोरगी कशी हाय. मला वाटलं होतं हसतील. कुपवाडचा एक तरुण खरेदीदार आज गुपचूप माझ्या डब्यात थुंकला. म्हणाला, माझी पण चढलीय काका, घरी सांगितलं नाही. म्हटलं आधी घरी सांग, मग डब्याला हात लाव.

दुपारचा आकडा खाली यायला लागलाय. गुणमालानं विचारलं, मशीन तेच ना? मी म्हटलं तेच. तिला बाजारातलं सगळं कळलेलं आहे, कृष्णातच्या बायकोनं फोन केला होता.  तिनं दीडाच्या जागी आज दोन भाकऱ्या वाढल्या, मग एक अर्धी परत काढून घेतली.

ब्राह्मीशी मी रिक्षातल्या त्या गोष्टीबद्दल बोललो नाही. ती पण नाही. संध्याकाळी जेवण झालं की आता तीच म्हणते, चला अण्णा, घाटावर. तिच्या चालीनं चालायचं म्हणजे व्यायाम कसला. तरी जातो.

९ मे

पाच पॉइंट सहा.

डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. बाकीच्या तपासण्या पण झाल्या, साखरेचं पाणी पाजून दोन तास बसवलं, ते पण पास. "काका, काय बदल केला?" तिनं विचारलं. तुमच्या लॅबनं मशीन बदललेलं दिसतंय, म्हटलं. गुणमालानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मग ती म्हणाली, हे आता जन्मभर. ऑपरेशननंतर तुम्ही एका किडनीचे मालक, तेव्हा भाकरी, चालणं, सगळं असंच. वाटलं होतं शिक्षा संपली. म्हणजे लेक बरी होऊन खंडाळ्याला जाणार, पुरणपोळ्या खाणार, आणि मी मूग. ह्याला न्याय म्हणतात.

११ जून

आज दवाखान्याच्या समितीपुढं मुलाखत झाली. ऑपरेशनच्या आधी घ्यावीच लागते म्हणे. तीन माणसं टेबलामागं, समोर कॅमेरा. एका बाजूला मी, एका बाजूला ब्राह्मी, मागं भरतेश आणि गुणमाला. सकाळपासून डोकं तापलेलं, कारण काय काय विचारतात ते आधीच कळलं होतं. ह्या बाईंशी तुमचं नातं काय. त्यांच्याकडून पैसे घेतले का. पैसे. माझ्या पोरीकडून. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, भरतेशनं मागून खांदा दाबला.

मग मधल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाचा दबाव, धाक, भावनिक जबरदस्ती? तुम्ही हे स्वखुशीनं करताय का?"

माझं उत्तर पाठ होतं. बाप आहे, हा काय प्रश्न झाला, असं झाडणार होतो. तेवढ्यात ब्राह्मीकडं लक्ष गेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मांडीवरच्या हातांकडं बघत होती, मान खाली, आणि ऐकत होती. रिक्षात बाहेर बघत होती तशी.

मी म्हटलं, "साहेब, दबाव कुणाचा नाही. भीती वाटते. लय वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते, कुणाला सांगितलं नाही. रात्री पोटावर हात ठेवून झोपतो. पण द्यायची मला आहे. हिनं नको म्हटलं तरी द्यायची आहे."

साहेबांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "फक्त हो किंवा नाही सांगा," म्हणाले.

आता अशा माणसाशी काय बोलायचं?

"मग हो लिहा," म्हटलं.

बाहेर आल्यावर गुणमाला आणि भरतेश कागद घ्यायला खिडकीपाशी थांबले. आम्ही दोघं जिना उतरायला लागलो. ब्राह्मीनं माझी बाही धरली. रिक्षा मिळायला बराच वेळ लागला, मी दोघा-तिघांशी भाड्यावरून भांडलो, तरी तिनं बाही सोडली नाही.